याजक सात दिवस थांबतो

वर्षभरात अख्खे बायबल वाचून काढायचे असे ठरवणारे बरेच जण लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाशी येऊन थबकतात. तिथे गोष्ट नाही, युद्ध नाही, स्तोत्र नाही. अंगावर डाग उठलेल्या माणसाला याजकापुढे आणायचे, म्हणजे देवळातल्या पुरोहितापुढे, आणि त्याने तो डाग न्याहाळायचा, इतकेच. डागातले केस पांढरे झालेत का? डाग आजूबाजूच्या कातडीहून खोल दिसतो का? खात्री पटत नसेल तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा पाहायचे. डाग पसरला नसेल, तरी आणखी सात दिवस. मग याजकाने तोंडाने सांगायचे: शुद्ध, किंवा अशुद्ध.

ज्या अवस्थेचा हा शोध चालला आहे तिचे हिब्रू नाव त्साराअत. आपल्याकडे बायबल सोसायटीच्या जुन्या, घरोघरी पोचलेल्या मराठी पाठात लेवीयात तिथे ‘महारोग’ आहे. इतर मराठी भाषांतरांत आणि इतर ठिकाणी कुष्ठरोग येतो, कोडही येते. इंग्रजीत तर चारशे वर्षे लेप्रसी हाच शब्द रुळला. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतात ती झडलेली बोटे, बसलेले नाक आणि गावाबाहेरची झोपडी. हे चित्र मूळ अध्यायात शोधायला गेले तर सापडत नाही.

महारोगाची सर्वांत ठळक खूण म्हणजे बधिरपणा. चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, हे आपल्याकडच्या खेडेगावातल्या आरोग्यसेविकेलाही ठाऊक असते. अध्यायात संवेदनेबद्दल एक अक्षर नाही. वाकड्या बोटांबद्दल नाही, नाकाबद्दल नाही. उलट पांढऱ्या केसांवर मोठा भर आहे, आणि महारोगाच्या चट्ट्यात केस झडतात, पांढरे होत नाहीत. त्यात ती सात दिवसांची मुदत. महारोगाचा जंतू इतका मंद की लागण झाल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षे जातात. त्या आजारात आठवडाभराने पुन्हा पाहून काय फरक दिसणार?

मग हा कोणता आजार? डॉक्टरांनी हे कोडे पुष्कळ सोडवून पाहिले आहे. पांढरे डाग आणि पांढरे केस म्हणावे तर कोड, पण कोडात कच्चे मांस दिसत नाही. खपल्या म्हणाव्यात तर सोरायसिस, पण त्यात केस पांढरे होत नाहीत. डोक्याच्या आणि दाढीच्या डागांसाठी नेतेक असा वेगळाच शब्द आहे, तो बुरशीच्या संसर्गाशी जुळतो. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूला आणि वेल्लोरला आयुष्याची कितीतरी वर्षे महारोग्यांवर उपचार करण्यात घालवलेले डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे स्वतः मिशनरी. बायबलातली ही अवस्था आणि आपण आज ज्यावर औषध देतो तो रोग एक नव्हेत, असे त्यांनीच 1961 मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहून मांडले.

पण ‘कोणता आजार’ हा प्रश्नच बहुधा चुकीच्या दाराशी नेतो. अध्याय पुढे वाचला की त्साराअत कापडाला होते. लोकरीच्या कापडाला, तागाच्या कापडाला, चामड्याला. चौदाव्या अध्यायात ती घराला होते: भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे पडतात, मग याजक येतो, घर सात दिवस बंद करतो, डागाळलेले दगड काढून गावाबाहेर टाकायला लावतो, भिंती खरवडून नवा गिलावा करायला सांगतो. पावसाळ्यात ओल धरून पोपडे सुटलेली भिंत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला महारोग झाला असे कोणी म्हणत नाही.

त्याच अध्यायातली एक बारीकशी आज्ञा फार बोलकी आहे. घर तपासायला याजक आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातले सामान बाहेर काढून ठेवावे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. संसर्गाची भीती असती तर असे कोणी सांगितले असते का? डाग भिंतीवर आधीपासून आहे, सामान त्याच्या शेजारी कित्येक दिवस पडून आहे. तरी याजकाच्या तोंडून शब्द निघेपर्यंत ते शुद्ध. शब्द निघाला की आत उरलेले सगळे अशुद्ध. तसाच आणखी एक नियम: डाग पसरत पसरत डोक्यापासून पायापर्यंत सगळे अंग पांढरे झाले, तर तो माणूस शुद्ध! रोग म्हणून पाहिले तर हे उफराटे आहे. रोग वाढला आणि रोगी सुटला.

यहुदी धर्मशास्त्रींनी इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकापर्यंत या नियमांचा जो बारकावा बसवला, तो मिश्ना या नियमसंग्रहाच्या ‘नेगाईम’ या भागात आहे. नव्या नवरदेवाच्या अंगावर डाग दिसला तर त्याला लग्नाचे सात दिवस द्यावेत, तोवर तपासू नये. सणाच्या दिवसांतही तपासू नये. परधर्मीयांच्या अंगावरच्या डागांना हा नियम लागूच नाही. डाग पारखण्याचे ज्ञान नसलेला याजक असेल तर जाणत्या विद्वानाने शेजारी उभे राहून त्याला सांगावे, ‘अशुद्ध म्हण’, आणि याजकाने म्हणावे, ‘अशुद्ध’. ज्ञान एकाचे आणि उच्चार दुसऱ्याचा. परिणाम उच्चाराने घडतो. साथीचा रोग नवरदेवासाठी आठवडाभर थांबत नसतो. इथे रोगनिदान चाललेलेच नाही. चालला आहे तो एक निवाडा, आणि त्यातून माणूस एका अवस्थेत जातो.

या अवस्थेची जात ओळखायला खुद्द याजकांचे नियम उपयोगी पडतात. लेवीयाच्या एकविसाव्या अध्यायात अहरोनाच्या, म्हणजे याजकांच्या, कुळातल्या कोणत्या पुरुषाने वेदीजवळ जाऊ नये याची यादी आहे. आंधळा, लंगडा, हात मोडलेला, आणि दोन त्वचाविकार: गाराब आणि यल्लेफेत. हे नेमके काय, याबद्दल अंदाजच आहेत. खरूज आणि नायटा म्हटले तर फार चूक होणार नाही. असा याजक वेदीची सेवा करू शकत नाही, पण पवित्र अन्न मात्र खाऊ शकतो. बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की त्साराअत झालेल्या याजकाने पवित्र अन्न खाऊही नये, शुद्ध होईपर्यंत. म्हणजे खरूज झालेला याजक जेवायला बसतो आणि त्साराअतवाला उठतो. दोन्ही त्वचेचीच लक्षणे, पण नियमाने त्यांना वेगळ्या कप्प्यांत टाकले. एक व्यंग आहे, दुसरी अशुद्धी. त्साराअतचे भाषांतर रोगाच्या नावाने केले की हा फरक नाहीसा होतो, आणि दोन्ही नियम आजारी माणसांना बाजूला काढणारे, सारखेच निष्ठुर वाटू लागतात.

मराठी वाचकाला ही अवस्था समजायला खरे तर इंग्रज वाचकाइतके लांब जावे लागत नाही. सुतक पाळणाऱ्या घरात कोणी आजारी नसते. त्यांना डॉक्टर लागत नाही, दिवस लागतात. ते देवाला शिवत नाहीत, आणि दिवस सरले, स्नान झाले, की पूर्ववत होतात. आता त्साराअत ठरलेल्या माणसाने काय करायचे ते पाहा: कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, वरचा ओठ झाकायचा. हिब्रू समाजात ही शोकाची, मृताच्या नातलगाची चिन्हे आहेत. मोशे आणि अहरोन यांची बहीण मिर्याम हिच्या अंगावर त्साराअत उठते तेव्हा अहरोन विनवतो ते ती मेलेल्यासारखी होऊ नये म्हणून. आणि शुद्धीच्या विधीत देवदार, एझोब आणि किरमिजी सूत लागते. प्रेताला शिवल्याची अशुद्धी घालवायच्या विधीतही हीच तीन द्रव्ये आहेत. लेवीयावर प्रचंड भाष्य लिहिणारे जेकब मिलग्रोम यांनी अशुद्धीच्या या साऱ्या नियमांच्या मुळाशी मृत्यूची छाया आहे असे म्हटले, ते इथे चपखल बसते. त्या माणसाने जणू स्वतःचेच सुतक धरलेले असते.

हे सगळे गमावले कुठे? पहिले वळण अलेक्झांड्रियात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. तिथल्या यहुद्यांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये नेले तेव्हा त्साराअतसाठी ‘लेप्रा’ हा शब्द घेतला. तेव्हा तो वाईट शब्द नव्हता. लेपिस म्हणजे खवला, आणि लेप्रा म्हणजे खपल्या धरणारे त्वचाविकार, मोघमपणे. ज्याला आपण महारोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्य वेगळ्याच, हत्तीच्या नावाने ओळखत. लॅटिनने लेप्रा तसाच घेतला. मध्ययुगात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरू लागले तेव्हा अरबांच्या ‘जुझाम’साठी, म्हणजे खऱ्या महारोगासाठी, हाच लेप्रा वापरला गेला. आता एका शब्दात दोन वस्तू राहायला आल्या, आणि मोशेच्या नियमातला अशुद्ध माणूस व युरोपातल्या रस्त्यावर घंटा वाजवत जाणारा रोगी एक झाले. 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने जंतू शोधला, तेव्हा लेप्रसीला पक्का वैद्यकीय पत्ता मिळाला. बायबलातला शब्द त्या पत्त्यावर आपोआप पोचता झाला.

मराठीत हा शब्द आला तेव्हा त्याच्या स्वागताला चार शब्द उभे होते, आणि चौघांच्याही पोटात हाच प्रकार घडून गेला होता. चरकाच्या मते कुष्ठे अठरा: सात मोठी, अकरा लहान, आणि त्यांत खाजेपासून खपल्यांपर्यंत कितीतरी त्वचाविकार येतात. म्हणजे जुने कुष्ठ हे लेप्राइतकेच ऐसपैस होते, आणि त्साराअतला शोभलेही असते. पण आजच्या मराठीत कुष्ठरोग म्हणजे एकच रोग. त्याच कुष्ठातून प्राकृतमार्गे आलेले कोड हिंदीत महारोगाकडे गेले आणि मराठीत पांढऱ्या डागांकडे. वाग्भटाने महारोग आठ सांगितले, त्यांत मूळव्याध आणि भगंदरही आहेत. मराठीने सात गाळले. रक्तपित्त हे आयुर्वेदात रक्तस्रावाचे नाव, पण बोलीत रक्तपिती झाली ती महारोगाचीच. लोकांना ज्या रोगाची सर्वांत धास्ती, त्याने आजूबाजूचे शब्द गिळून टाकले.

येरवड्यात टेकडीवरच्या डेक्कन कॉलेजात शब्दांच्या अशा स्थलांतराचीच नोंद ठेवण्याचे काम 1948 पासून चालले आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेला तिथला संस्कृत महाकोश प्रत्येक शब्दाचा कालक्रमाने बदलत गेलेला अर्थ देतो. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या निघाल्या. पहिला खंड 1976 मध्ये आला, आणि खंडांमागून खंड निघत गेले तरी मुक्काम ‘अ’ अक्षराच्या मुलखातच राहिला. क पर्यंत पोचून कुष्ठाचा इतिहास छापला जाईल तेव्हा जाईल. कोशकार घाई करत नाहीत, याचा मला तरी आनंदच वाटतो.

त्याच डेक्कन कॉलेजाच्या पुरातत्त्व विभागाने राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे उत्खनन केले. तिथे सापडलेल्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या सांगाड्यावर महारोगाच्या खुणा आहेत, असे 2009 मध्ये ग्वेन रॉबिन्स आणि डॉ. वसंत शिंदे, डॉ. व्ही. एन. मिश्र, डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आदी डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मिळून प्रसिद्ध केले. काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. महारोगाचा हाडांवरचा इतका जुना पुरावा तोवर जगात कुठे नव्हता. दगडी आवारात, गोवऱ्यांच्या राखेत त्याला पुरले होते. कवटीवर नाकाच्या भागात झीज आहे. हाडांना शब्दांची अडचण नसते: रोगाने नाक खाल्ले असेल तर ते दिसते. लेवीयाचा याजक मात्र नाकाकडे पाहतच नाही.

शब्दाचा भार माणसावर कसा येतो, याचे उदाहरणही येरवड्यातच आहे, तुरुंगात. 1932 मध्ये गांधी तिथे कैदेत होते, बरोबर वल्लभभाई आणि महादेवभाई. त्याच तुरुंगात परचुरेशास्त्री होते, संस्कृतचे विद्वान, सत्याग्रही आणि महारोगी. त्यांना वेगळ्या आवारात ठेवले होते. गांधींना त्यांना भेटायचे होते, पण परवानगी मिळाली नाही. मग पत्रे सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच तुरुंगाच्या आवारात गांधींचे उपोषण झाले आणि 24 तारखेला पुणे करार. अस्पृश्यतेवरून सारा देश ढवळून निघत होता, आणि त्याच भिंतींच्या आत एका शास्त्रीबुवाला कोणी शिवत नव्हते. 1939 मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. पुढे ते मनोहर दिवाणांच्या दत्तपूरच्या संस्थेत राहिले. दिवाणांची ती महारोगी सेवा समिती 1936 ची. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला 1949 मध्ये काढलेल्या संस्थेचे नावही तेच. शब्द झिडकारण्याऐवजी त्यांनी तो पाटीवर लावला, हे मला मोठे वाटते.

परचुरेशास्त्रींना वेगळे ठेवले ते लेवीय वाचून नव्हे, हे उघड आहे. आपल्याकडे या रोगाची घृणा बायबल येण्याच्या कितीतरी आधीची. पण 1898 च्या लेपर्स ॲक्टने निराधार महारोग्यांना कोंडायची कायदेशीर सोय केली तेव्हा त्या घृणेला युरोपातून आलेली दुसरी घृणा येऊन मिळाली होती, आणि त्या दुसरीला धर्मग्रंथाचा आधार आहे अशी समजूत होती. हा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग 2019 मध्ये निघाला. प्रार्थनामंदिरात लेवीय वाचला जातो तेव्हा ‘महारोग’ ऐकणाऱ्यांत कधी एखादा औषध घेऊन बरा झालेला माणूसही बसलेला असतो. आपल्या अंगावर जे होते ते देवाच्या लेखी अशुद्ध होते, असे तो समजून जातो. ग्रंथ त्याच्याबद्दल बोलतच नव्हता.

मग दुसरा शब्द कोणता घ्यावा? इंग्रजीतल्या नव्या भाषांतरांनी ‘अशुद्ध करणारा त्वचारोग’ अशा अर्थाची वळशाची रचना केली आहे. ती माणसाला चालते. भिंतीशी तिचे जमत नाही, म्हणून तिथे बुरशी आणावी लागते आणि मूळचा एक शब्द दोन होतो. हिब्रू शब्दच ठेवावा, तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल एकटीने मराठीत उतरवले; 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून पूर्ण झाले. त्यांचा कटाक्ष असा की हिंदू धर्माच्या वासाचे, पंडिती शब्द टाळावेत आणि साध्या बाईला कळेल असे लिहावे. त्या कटाक्षाने पाहिले तर सुतक, सोवळे-ओवळे, विटाळ हे सगळे बाद. आणि विटाळ मलाही नको. कल्पनेच्या दृष्टीने तो हिब्रू अशुद्धीच्या सर्वांत जवळ आहे, पण आपल्याकडे तो जन्मावरून माणसांना चिकटवला गेला. लेवीयातली अशुद्धी येते आणि जाते, ती कोणाच्या जन्माला चिकटत नाही. विटाळ म्हटले की नेमके हेच पुसले जाईल.

माझे मत ‘डाग’ या शब्दाला आहे. तो कातडीवर पडतो, कापडावर पडतो, भिंतीवर पडतो, अब्रूलाही लागतो. एकाच नावाखाली हिब्रू जे सगळे धरते ते मराठी डागात मावते. अध्यायात त्साराअतच्या जोडीला ‘नेगा’ हा शब्द सतत येतो, तो शिवणे-लागणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. त्याला मराठी पाठातला ‘चट्टा’ आहेच. डागाच्या आत रोगाचे नाव दडलेले नाही, त्यामुळे याजकाला पाहायला आणि थांबायला जागा उरते. जुन्या मराठी पाठाने सुरुवातीलाच डाग ‘महारोगाच्या चट्ट्यासारखा’ असे म्हटले आहे. त्यातला ‘सारखा’ मोलाचा आहे. घराच्या डागाबाबत तर मिश्नाचा दंडकच आहे: घरमालक स्वतः मोठा विद्वान असला आणि त्याला पक्के ठाऊक असले, तरी त्याने याजकाकडे जाऊन ‘घरात डाग आहे’ म्हणू नये, ‘डागासारखे काही दिसते’ म्हणावे.

पण हा डाग शुभवर्तमानांत नेला की अडतो. तिथे ग्रीक शब्द आहे, आणि त्या गोष्टींतल्या माणसांना बरे व्हायचे आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा जण दूर उभे राहून हाका मारतात. येशू त्यांना सांगतो, जाऊन याजकांना दाखवा. तेच लेवीयातले याजक, तोच तेरावा अध्याय. ‘डाग असलेले दहा जण’ म्हटले तर त्यांच्या हाकेतली आर्तता जाते, ‘दहा महारोगी’ म्हटले तर पुन्हा जुना घोळ. मी तिथे ‘त्वचारोगी’ लिहीन. लेवीय आणि लूक यांना जोडणारा शब्द त्यामुळे तुटेल, आणि ती तूट समासात टीप देऊन भरावी लागेल.